एकतारी

डोळे मिटा, हळदणकर.
तार लागली की 'हो' म्हणा.

दहा ग्रॅम दाबाला वाकणारी नायलॉनची तार,
पायावरच्या दहा जागा,
परळ, चौथा मजला, भेट सहावी,
क्रमांक दोनशे अकरा.

लालबागच्या दुकानात चाळीस वर्षं
यांनी पाक चिमटीत धरून पाहिला.
'एकतारी कधी झाला ते घड्याळाला नाही कळत,
बोटाला कळतं,' पहिल्या भेटीत म्हणाले होते,
बारा तासांच्या उपाशी पोटी,
दंडाला रबर बांधलेलं असताना.
'शिरा फार बारीक आहेत तुमच्या,' मी म्हटलं.
'ते रव्यावर असतं, बाई.'

रक्त फिरवलं तेव्हा वर यायला हवं होतं
पिवळं, नितळ पाणी.
आलं ते दुधाळ.
रात्रभर फ्रिजमध्ये राहिलं, सकाळी वर पांढरा थर.
पेशंटला नळी दाखवायची नसते.
मी दाखवली.
उजेडाकडे धरून त्यांनी ती तिरपी केली,
'साय चांगली धरलीय,'
आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

ती साय आता उणे ऐंशीत आहे,
हजारो नळ्यांच्या गर्दीत, नावाशिवाय.
वीज गेली की रखवालदार तिवरेकर
जिन्यावरून पळत जनरेटर गाठतो,
कुणाचं काय वाचवतोय हे त्याला माहीत नसतं.

गोळी खरी की खडूची?
दर भेटीला विचारतात.
मला ठाऊक नाही. डॉक्टर मिस्त्रींनाही नाही.
ते पाकिटात बंद, लाखेखाली, अभ्यास संपेपर्यंत.
'म्हणजे आपण तिघंही डोळे मिटून!'
हसतात तेव्हा पोट हलतं, पाय नाही.

अंगठा.
हो.
करंगळीखाली.
हो.
चवड्याच्या मधोमध, जिथे भट्टीचा जुना डाग आहे.
हो.
गेल्या वर्षी दहापैकी चार होते.
आज एकही चुकत नाही, जरा जास्तच तालात.

मी हात मागे घेतला.
तार हवेत धरून नुसती बसून राहिले.

'हो,' म्हणाले हळदणकर.

फॉर्मवर दोनच चौकोन आहेत.
पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.
'झाले ना दहा? तुमचं काम नीट व्हायला हवं, बाई,'
डोळे अजून घट्ट मिटलेले.

पुन्हा पहिल्यापासून करू, म्हटलं.
तार चिमटीत धरली.
थरथरत होती थोडी,
बोटाला कळत होतं.