पिवळं वेटोळं

तेरा वर्षं रोज सकाळी किल्ली अर्धी फिरवून
मी एका पिवळ्या वेटोळ्याकडे बघत थांबले.
ते विझलं की मगच चालू करायचं,
शकूरभाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं:
'दीदी, डीजल है. पहले गरम होने दो, फिर बात करो.'
तेवढ्या तीन-चार सेकंदांत
धारच्या कॉलेजची थकलेली उधारी आठवायची,
आरशात बघून क्लिप नीट लावायची,
आईच्या रिपोर्टचं पाकीट एकदा उघडायला काढलं
आणि परत पिशवीत टाकलं.

मग ती खोकायची, अंगभर थरथरायची.
स्नेहलतागंजच्या आमच्या गल्लीत
कानडे काकूंचं वरच्या मजल्यावरचं तावदान वाजायचं
आणि काकूंना कळायचं, सहा वाजले,
निघाली काचसामानवाली.

परीक्षानळ्या, चंचुपात्रं, भुशात निजवलेले फ्लास्क.
कुक्षी, झाबुआ, आलीराजपूर, बडवानी.
दोन लाख एकाहत्तर हजार किलोमीटर,
लिटरला एकवीस; सगळं वहीत,
पंपाच्या नावानिशी, तारखेनिशी.
मागे काच असली की माणूस
आवाज चढायच्या आत गियर बदलायला शिकतो.
काटा दोन हजाराच्या पुढे मी कधी जाऊ दिला नाही.
घरातही तसंच चाललं. असो.

गाडी देपालपूरच्या भेरूलाल पाटीदारांनी नेली.
पनीरचा धंदा. बॉनेट उघडलंच नाही त्यांनी,
फक्त विचारलं, 'एवरेज?'
मी वही पुढे केली.
पत्रिका जुळवावी तशी त्यांनी ती पानन् पान पाहिली
आणि नोटा मोजून झाल्यावर
वहीसुद्धा घेऊन गेले.

नवी पेट्रोलची. टर्बो.
मागे दोन नळकांडी, चाकांआड लाल कॅलिपर,
गियर मात्र हातानं टाकायचे, तेवढा माझा हट्ट.
भाचा म्हणाला, 'मावशी, चौपन्नाव्या वर्षी?'
मी म्हटलं, त्रेपन्न.

पहिला आठवडाभर ती रुसलेली.
चौथा टाकला की घुटमळायची,
सिग्नलला दोनदा चक्क बंद पडली.
शकूरभाई पलासियापासून भंवरकुआंपर्यंत
शेजारी डोळे मिटून बसले, आणि उतरताना म्हणाले,
'आप इसको बोलने ही नहीं देतीं, दीदी.
आधी बात में काट देती हो.'

राऊच्या पंपावर काच खाली करून मी म्हटलं, 'डीजल, फुल.'
पोरानं नळी उचलली, झाकण उघडलं, थबकला.
'आंटी, ढक्कन पे तो कुछ और लिखा है.'
मागे रांग, हॉर्न,
आणि मला इतकं हसू आलं
की पैसे द्यायलाच विसरले.

तसाच रविवार. मानपूरच्या अलीकडचा सरळ रस्ता.
मागच्या सीटवर काही नव्हतं,
फुटण्यासारखं तर काहीच नव्हतं.
तिसऱ्यातच ठेवली. तीन हजार. चार.
हात आपणहून गियरकडे गेला,
मी तो उचलून परत स्टीअरिंगवर ठेवला.
पाच हजाराला तिनं तोंड उघडलं.
सहाला माझ्याही तोंडून काहीतरी निघालं,
शब्द नव्हता तो.
मग पुढे केळ्यांचा ट्रक आला,
ब्रेक लावला, पुन्हा सभ्य झाले.

लिटरला अकरा. नवी वही आणली आहे,
कोरी आहे.

आता किल्ली नाही, बटण आहे,
दाबलं की लगेच चालू.
तरी बोट क्षणभर हवेत थांबतंच,
विझायला समोर काही नसतं, तरीही.
तावदान वाजत नाही.
काकू वरून वाकून विचारतात,
'निघालीस का गं? कळतच नाही हल्ली.'
'नाही अजून,' मी म्हणते,
आणि क्लिप नीट लावते.