आक्रसाची पट्टी

रंगराव मेस्त्रींच्या साईटचं काम
मी दोन रात्रींत उरकलं.
कोड नाही, काही नाही.
चौकट उचलायची, हवी तिथं नेऊन सोडायची,
कार्यालयात पंगतीच्या खुर्च्या मांडतात तशी.
तिसऱ्या दिवशी लॅपटॉप काखेत मारून
उद्यमनगरात गेले.

लाकडाचा भुसा, फेव्हिकॉल,
शेजारच्या लेथची एकसुरी किरकिर.
फळीवर पंपाचं सागवानी पोट, अर्धंच;
दुसरं अर्धं त्यांच्या मांडीवर.
मेस्त्रींनी हात पुसले, चष्मा वर सरकवला
आणि स्क्रीनवर स्वतःचं नाव बघून
जरा वेळ गप्प बसले.

मग म्हणाले,
"गिऱ्हाईक तुटलंय की गं."

खरंच तुटलं होतं.
र एकीकडे, हा एकीकडे,
मध्ये पाय मोडल्यासारखी रेघ.
म्हटलं, चांगली अक्षरं वरच्या प्लॅनमध्ये असतात, काका.
आपला खालचा.
"आणि खालच्याचं भाडं किती?"
पहिलं वर्ष जवळजवळ फुकट.
दुसऱ्यापासून डॉलरमध्ये.
डॉलर म्हटल्यावर त्यांनी कानामागची पेन्सिल काढली,
पण काही लिहिलं नाही.

"उद्या जागा सोडायची म्हटली, तर?"
मजकूर नेता येईल. फोटोही.
मांडणी मात्र तिथंच राहणार.
"म्हणजे भांडी आपली, भिंती त्यांच्या."
मी मान हलवली.
हे मला कोणी इतक्या थोडक्यात
सांगितलं नव्हतं आजवर.

त्यांनी खुंटीवरची पोलादी पट्टी काढून दिली.
"मोज."
माझ्या पट्टीला लावून बघितली.
त्यांचा फूट माझ्या फुटापेक्षा मोठा निघाला.
"बीड ओतलं की गार होताना आक्रसतंय.
फुटामागं एक सूत.
पितळ दीड सूत.
तेवढं आधीच वाढवून लाकूड कापायचं,
न्हायतर साचा देखणा
आणि पंप कुणाच्याच मापाचा न्हाय.
तुझा हा साचा गार झाल्यावर
किती कमी पडतोय,
ते कुठं लिहिलंय?"

कुठंच नव्हतं लिहिलेलं.
मला सांगता आलं असतं, की हातानं लिहून घ्यायची
तर महिना लागेल, चाळीस हजार लागतील,
आणि लिहिणारा उद्या पुण्याला निघून गेला
तर कुलपाची किल्ली कोणाकडे?
सांगता आलं असतं, की मी बी.कॉम. आहे,
मला आतल्या तारा कळत नाहीत,
ह्या चौकटींवरच माझ्या घरातला गॅस येतो.
यातलं अर्धं सांगितलं.
अर्धं त्यांना दिसलं असावं,
कारण त्यांनी चहा मागवला.

चहा येईपर्यंत
त्यांच्या मोबाईलवर पान उघडत होतं.
गोल फिरत राहिलं.
त्यांनी रंधा घेतला, पंपाच्या पोटावरून
चार हात मारले,
पातळ सालपटं माझ्या चपलेवर पडली.
गोल फिरतच होतं.
"माझ्या गिऱ्हाइकाचा फोन ह्याच्याहून जुना असतोय,"
ते रंधा न थांबवता म्हणाले.

शेवटी एक वर्ष ठेवायचं ठरलं.
पेन्सिलीनं भिंतीवर लिहून घेतलं,
कोअरची मापं, फौंड्रीवाल्यांचे नंबर,
कुणाच्या तरी राहिलेल्या साडेसातशे रुपयांच्या खाली:
साईट. पुढच्या श्रावणात विचार.

रात्री घरी ते तुटलेलं अक्षर
सहा तऱ्हांनी जोडून बघितलं.
नाही जुळलं.
साडेअकराला शब्दच बदलला.
ग्राहक.
नीट बसला चौकटीत, काना न् काना जागेवर.

अर्थ तोच.
फक्त मेस्त्रींच्या दारात
चाळीस वर्षांत ग्राहक
एकदाही आला नव्हता.