चार हजारांवरचा खड्डा

डेक भाड्याचे. सोमवारी सकाळी जेल रोडला परत करायचे,
म्हणून रविवारी दुपारीच एका दमात रेकॉर्ड केलं:
त्रेसष्ट मिनिटं, लोकमान्य नगर, दुसरा मजला,
गादी दाराला टेकवलेली, पंखा बंद,
घामाने बोटं फेडरवरून घसरत होती.
वाजवताना वाटलं, जमलं.

रात्री हेडफोन लावले तर
पहिली वीस मिनिटं पलीकडच्या गल्लीतल्या लग्नासारखी,
आणि चाळिसाव्या मिनिटापासून लाल दिवा.
मी उत्साहात गेन चढवत गेलेली,
लाटांचे माथे सुरीने उडवल्यासारखे सपाट.

छाटलेलं परत येत नाही.
नखांसारखं नसतं ते.

मग बसले.
आधी सगळंच सहा डेसिबल खाली घेतलं;
पुरीला फुगायला लागते तेवढी जागा वर सोडली.
जुन्या प्लगला अर्थिंग नाही, त्याची पन्नास हर्ट्झची गुणगुण
पिठातल्या केसासारखी चिमटीत धरून काढली.
तिसाच्या खालचं काढून टाकलं.
कुणालाच ऐकू न येणारं,
तरी आत हातपाय पसरून बसलेलं.
लिमिटर सगळ्यात शेवटी.
लिमिटर म्हणजे तापत्या दुधापाशी उभं राहणं:
उतू जाऊ द्यायचं नाही
आणि सारखं ढवळायचंही नाही.

तरी काहीतरी टोचत होतं.
दर ठोक्याला, वरच्या अंगाला, बारीक काच.
दोन वाजले. कान थकले की सगळंच बरं वाटायला लागतं.
झोपले.

सकाळी खालचे लघाटेकाका वर आले.
"काल दुपारभर कसलं धुणं आपटत होतीस गं?"
"ऐकू आलं तुम्हाला?"
"ऐकू कुठलं येतंय. पलंगातून कळलं."
मशीनचा सेल बदलून हवा होता,
त्यांच्या बोटांत मावत नाही तो.
सेलच्या पिशवीतच कानाचा रिपोर्ट, चार घड्या घातलेला.

सेल बसवला, आणि स्पीकरवर मिक्स लावलं.
एकतीस वर्षं विणाई खात्यात काढलेला माणूस
मान खाली घालून ऐकत राहिला.
"ठेका बराय. आमचा माग याहून पळायचा."
मग एकदम हात वर:
"इथे. इथे सुई आहे."
पुन्हा हात. पुन्हा, बरोब्बर त्याच जागी.

मी एक अरुंद पट्टी उचलली,
हजारावरून हळूहळू वर सरकवत नेली,
दोन, तीन, साडेतीन,
चार हजारांवर काकांनी मशीनच उपटून काढलं.
तिथे अडीच डेसिबल उतरवले.
स्क्रीनवरची रेघ तेवढ्याच जागी खचली.

रिपोर्टवरची रेघही
सरळ चालत आलेली, आणि चार हजारांवर
खड्ड्यात गेलेली.

त्यांनी दोन्ही रेघा पाहिल्या. चष्मा वर करून पाहिल्या.
"हे तू बटणाने केलंस?"
"हो."
"परत जागेवर आणता येतं?"
आणून दाखवलं. पुन्हा खाली केलं.
"याचे किती देतात तुला?"
"काहीच नाही, काका."
"आम्हाला देत होते," म्हणाले,
आणि पिशवी घडी करून खाली गेले.
जिन्यात कठडा धरून, पायरीपायरीला
बोटांनी ठेका धरलेला ऐकू आला मला.

नंतर ई-रिक्षात. ड्रायव्हरच्या डब्याएवढ्या स्पीकरवर
फोनवरून लावून पाहिलं:
बेस नावालाही नाही, तरी ठोका ठोक्याच्या जागी,
बाईचा आवाज हॉर्नच्या मधून वाट काढत,
आणि कुठेच काच नाही.
राजवाड्याच्या गर्दीत त्याने वळून विचारलं,
"और बढ़ाऊँ क्या, दीदी?"
म्हटलं, नको.
मांडीवर डेक. एका नॉबची टोपी सापडत नाहीये,
डिपॉझिटमधून शंभर तरी कापतील.