पावणेतीन पेनी

लेस म्हणजे भोकांभोवती बांधलेला दोरा,
आई म्हणायची. पैसे दोऱ्याचे मिळतात,
भोकं आपल्याला फुकट.

यंत्रावरून ती उतरायची चादरीएवढी रुंद,
पट्टीला पट्टी एका दोऱ्याने जोडलेली.
तेवढा दोरा ओढून काढायचा. बस्स, एवढंच काम.
टोक बरोबर सापडलं तर सरसर निघतो,
आणि दोन पट्ट्या, काही न बोलता,
एकमेकींपासून सुटतात.
चुकलं तर फाटतं,
आणि फाटलेल्याचे पैसे मिसेस ओल्डरशॉ कापून घेतात.

त्याच गठ्ठे आणायच्या कारखान्यातून,
नॉटिंगहॅमच्या आमच्या गल्लीत दारोदार वाटायच्या.
वाईट नव्हत्या. त्यांच्याही बुटाला भोक होतं.
बारा डझन वारांना आम्हाला किती, ते त्या ठरवायच्या,
त्यांना किती, ते कारखाना,
आणि कारखान्याला किती, ते कुठल्यातरी लग्नातली
कुणाचीतरी टोपी.

टोकं शोधायची मी. बोटं बारीक म्हणून.
धाकटा एनॉक दिवा धरायचा,
डुलकी लागली की दिवाही डुलायचा.

मग कायदा आला. म्हणजे, आला असं ऐकलं.
मिसेस रॅगनी पंपापाशी उभं राहून वाचून दाखवलं:
तासाला पावणेतीन पेनी,
याच्या खाली कुणी द्यायचं नाही.
बायका गप्प. एकीने बादली खाली ठेवली.
आई म्हणाली, तासाला?
घरात तास कुठे असतो?
घरात बटाटे असतात, एनॉकचा खोकला असतो,
मध्येच उठून कोळसा टाकायचा असतो.

तो तास शोधायला मिस्टर पिनॉक आले,
घड्याळ घेऊन.
साधारण हाताची बाई तासात किती वार ओढते ते बघायचं,
त्यावरून वाराचा भाव.

आदल्या रात्री आईने मला बजावलं होतं:
उद्या तू हात लावायचा नाहीस, लेटिस.
चार हातांचं काम दोन हातांच्या नावावर लिहितील
आणि भाव निम्मा करतील.

मी स्टुलावर बसले, हात मांडीत.
घड्याळ टेबलावर.
शेजारणीने सांगितलं होतं, मुद्दाम सावकाश ओढ गं.
आईला ते जमणारं नव्हतं. तिने घाईच केली.
आणि तरी टोक सापडेना.
तिने लेस डोळ्यांपाशी नेली.
मग खिडकीपाशी.
मग बोटाने चाचपायला लागली,
अंधारात कडी चाचपावी तशी.

घरात भर दुपार होती.

तेव्हा मला कळलं.
किती दिवस झाले होते कोण जाणे,
मी टोक हातात देत होते आणि ती ओढत होती,
आणि आम्ही दोघी त्याला
माझी बोटं बारीक आहेत असं म्हणत होतो.

मिस्टर पिनॉकनी काहीतरी लिहिलं.
मग त्यांची नजर माझ्या मांडीकडे गेली.
माझी बोटं हलत होती. रिकामीच.
हवेतला दोरा निवडत, ओढत, निवडत.
मी हात खाली दाबून त्यांच्यावर बसले.
त्यांनी घड्याळ मिटलं. तास व्हायला अजून वेळ होता.
वहीत काय लिहिलं, ते आम्हाला कधी कळलं नाही.

भाव मिळाला. गठ्ठे कमी झाले.
मिसेस ओल्डरशॉ दारातूनच द्यायला लागल्या, आत येईनात.
तरी वसंतातल्या एका शुक्रवारी
आईने पैसे दोनदा मोजले आणि शाल घेतली.

बाजारात एक माणूस ट्रेमध्ये चष्मे घेऊन बसायचा,
कुठलाही घ्या, सहा पेनी.
वाचून बघा, म्हणाला, आणि छापील कागद पुढे केला.
आईला वाचता येत नव्हतं.
तिने खिशातून लेसचा तुकडा काढला.
पहिला चष्मा, दुसरा, पाचवा.
माणूस वैतागला.
सातव्याला ती थांबली, आणि दोरा
सरसर निघाला.

माझं काम त्या दिवशी गेलं.
आठ वर्षांची होते मी.
त्या रात्री मला लवकर झोपायला पाठवलं,
आणि झोप म्हणजे काय करायचं असतं
ते मला आठवेना.