अकरावी वाफ फुकट

योनातान, बस. कोट तिथे खुंटीला अडकव.
कॉफी कडू आहे, साखर संपलीय,
आणि तुझं ते चकचकीत यंत्र जरा लांब धर,
इथल्या दमट हवेत भिंतीवरचं घड्याळसुद्धा
दर हिवाळ्यात दहा मिनिटं मागे पडतं.

तू म्हणतोस, दोन वाटा आहेत.
एक: प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फोनात कार्ड.
दहा वेळा या, अकरावी वाफ फुकट.
मोजणार यंत्र, आठवण करून देणार यंत्र,
वर्षभर कुणी फिरकलं नाही
तर नाव पुसून टाकणारही यंत्रच.
दुसरी: सभासद करून घ्या.
वर्षाचे पैसे जानेवारीतच हातात,
मग माणूस रोज येवो की एकदाही न येवो.

खरं सांगू, दुसरीवर माझा डोळा आहे.
भट्टीला तडा गेलाय. हा बघ, बोट जातं आत.
गवंडी म्हणाला, पुढचा हिवाळा काढणार नाही,
आणि त्याने सांगितलेला आकडा
मी अजून मोठ्याने उच्चारलेला नाही.

पण फोनातलं कार्ड?
अरे, सॉनात माणसं कपडे काढून बसतात.
उघड्या अंगाला खिसा कुठला?
म्हणून तर सगळ्यांची कार्डं माझ्याकडे राहतात,
मासळीच्या या जुन्या लाकडी पेटीत,
आडनावांप्रमाणे नाही, वारांप्रमाणे.
मंगळवारचे कागद गिरणीतले पेन्शनर.
बुधवारची इदिल, बस चालवते,
जिने पहिल्या दिवशी उंबऱ्यावरूनच विचारलं,
"आत यायला इथलं कुणी असावं लागतं का?"
मी उत्तर दिलं नाही. टॉवेल दिला.
उद्या सभासदांची यादी दाराला लागली
की त्याच प्रश्नाला काय देऊ?

हा चिमटा माझ्या बापाचा.
तांपेरे ते तुर्कू, गाडीत तिकिटं टोचायचा.
दाबला की माशाच्या आकाराचं भोक पडतं,
आणि खाली कागदाचे मासे सांडतात, नखाएवढे.
संध्याकाळी झाडून मी ते भट्टीत टाकते.

गुरुवारच्या कप्प्यात ताह्वो कुइस्माचं कार्ड होतं.
नऊ मासे.
मार्चमध्ये तो गेला, बुधवारी रात्री.
एका रात्रीने दहावा हुकला.
एप्रिलात त्याची बायको आली, हेल्लिन,
चाळीस वर्षांत इथे कधी पाऊल न टाकलेली.
ओल्या बुटांनी दारातच थांबली,
म्हणाली, त्याचं काही देणं राहिलंय का?

म्हटलं, माझंच राहिलंय.
आणि तिच्यासमोर दहावा मासा पाडला.
त्या गुरुवारी भट्टी तापलेली होती, योनातान.
त्याचा बाक रिकामा होता, पण त्याचाच होता.
अकरावी वाफ हेल्लिनने घेतली.
सगळ्यात वर जाऊन बसली, अवाक्षर नाही.
बाहेर आली तेव्हा चेहरा बीटासारखा,
केसांत बर्चचं एक पान अडकलेलं.
मी सांगितलं नाही. तसंच घरी जाऊ दिलं.

आता मला एवढंच दाखव:
तुझ्या यंत्रात असं एखादं बटण आहे का,
"आला नाही, तरी धरा"?

शोध, शोध. घाई नाही.
कॉफी गार झाली तर दुसरी ओतते.

नाही म्हणतोस.
"लवकरच येईल" असं म्हणाला नाहीस,
हे बरं केलंस.

आण तो सभासदांचा कागद. भट्टीसाठी सही करते.
फोनवाला परत ने.
फक्त तळाशी एक ओळ माझ्या हाताने लिहू दे:
दारात कुणी विचारलं, तर टॉवेल.

आणि हा चिमटा धर जरा. जड आहे ना?
तुझ्याच त्या गुळगुळीत पत्रकावर दाबून बघ.
असा नाही. अंगठ्याने.
पडला का मासा?