मणी मोजताना

सातवीच्या वर्गाला मी वाटाणे शिकवते.
उंच नि बुटके, पिवळे नि हिरवे,
फळ्यावर चार खणांचा चौकोन, तीनास एक.
पोरं खूश. उत्तर पूर्ण आकड्यात येतं.

खिडकीबाहेर गायींचं कुरण, त्याखाली अटलांटिक,
आणि बांधाबांधाला हायड्रेंजिया, इतकी निळी
की फ्लोरेसला येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, रंग दिलाय का?

आजोबांचे पाय साठीला डगमगले.
गाव म्हणालं, म्हातारा घेतो थोडी.
आजोबा घ्यायचे ती नाताळात, बोटभर.
वडलांचे बेचाळिसाव्या वर्षी.
कॅन घेऊन उतारावरून येताना पडले,
दूध आधी घरी पोचलं, ते मागून.
गाव पुन्हा तेच म्हणालं.
गुआल्तेरचे एकोणतिसाव्या, स्वतःच्या लग्नात नाचताना.
या खेपेला गाव काहीच म्हणालं नाही.

फळ्यावरच्या चौकोनात
वय लिहायला जागा नसते.

लिस्बनहून डॉक्टरीणबाई आल्या.
आमच्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरून
पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ,
आजार असेल तर आत काळं.
आजोबांचा चौकोन त्यांनी भरला तेव्हा मला वाटलं
कोपऱ्यात त्यांची वियोला तरी काढावी,
निदान तुटलेली तार.

मग समजावून सांगितलं.
तीन अक्षरांचा एक शब्द आहे, बी-बियाण्यासारखा आत जपलेला,
तो सगळ्यांतच असतो, पुन्हा पुन्हा लिहिलेला.
वीस-पंचवीसदा असला तर कुणाच्या ध्यानातही येत नाही.
साठ-सत्तरच्या पुढे गेला की पाय ऐकेनासे होतात.
आणि बापाकडून लेकराकडे उतरवताना
कधी कधी तो आणखी लांबतो,
जितका लांब, तितका लवकर.

दिओलिंदा आत्या एकाहत्तरची, ताठ,
कपबशी घेऊन जिना चढते, थेंब सांडत नाही.
ती म्हणाली, कळलं.
माळ ओढताना डुलकी लागली कुणाला तरी,
म्हटलेलंच पुन्हा म्हटलं.
देवाची चूक नाही ती, झोपेची.

पुरुषांच्या हातून जास्त होतं असं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
आत्या म्हणाली, पुरुषांनी कधी नीट ओढलीय माळ?

गुआल्तेर हसला. त्याचं हसू हल्ली
तोंडावर यायला थोडा वेळ घेतं.

सोमवारी नेलिओनं हात वर केला.
बाई, ह्याच बांधावरची फांदी आमच्या आजीनं मागल्या दारी लावली,
चुलीची राख टाकते तिथं.
फुलं गुलाबी आली.
मग प्रबळ कोण, निळा का गुलाबी?
मी म्हटलं, दोन्ही नाही रे. माती.
त्यानं वहीत लिहिलं: माती प्रबळ.
मी खोडलं नाही.

मला चौतिसावं लागलंय.
नळीभर रक्ताचं काम आहे, आठवड्यात कळतं.
डॉक्टरीणबाईंनी नंबर दिलाय, तो
वाटाण्यांच्या धड्यात खूण म्हणून ठेवलाय.
शाळेच्या अकरा पायऱ्या मी
कठड्याला न शिवता चढते,
आणि चढून झाल्यावर स्वतःवरच चिडते.

काल कुरणात गुआल्तेरची लेक
पहिल्यांदा एकटी चालली.
दोन्ही हात पसरून, ह्या अंगाला, त्या अंगाला,
आणि समोर तिला घ्यायला तिचा बाप,
तसाच, ह्या अंगाला, त्या अंगाला.
आम्ही कुणी टाळी वाजवली नाही.
वहिनीनं मान दुसरीकडे फिरवली.

आत्याच ओरडली,
अरे, वर्षाचं पोर असंच चालतं! सगळी तशीच चालतात!
मोजताय काय?

मी मोजत होते.
एकोणीस. वीस. एकवीस.
मग ती बसली.
पडली नाही, बसली,
गवत उपटायला.