एअर धरलीय

डुलुथला जानेवारीत पहाटे पाचला
मी काचेवरचा बर्फ जुन्या लायब्ररी कार्डाने खरवडते.
गाडी विजेची, सेकंडहँड,
आधीच्या मालकाच्या कुत्र्याचे केस
अजून सीटच्या शिवणीत.
हीटर शेवटपर्यंत फिरवला तरी
जाळीतून येतं ते कुणीतरी
कंटाळून सोडलेल्या सुस्काऱ्याइतकंच ऊबदार.

सोमवार, बुधवार, शुक्रवार: बाबांचं डायलिसिस.
जाताना ते बोलतात.
येताना थंडी त्यांच्या आतच बसलेली असते.
दोन ब्लँकेटं, माझी शाल, नर्स मार्लिसने विणलेली टोपी,
आणि तरी दात वाजतात
डब्यात सुटे नट हलावेत तसे.

गॅरेजवाला म्हणाला, तीन आठवड्यांनी आणा.
मी मनात मोजलं: नऊ फेऱ्या.
तोवर फिल्टर बघा, म्हणाला.
फिल्टरमध्ये बर्चच्या बिया, पानांचा चुरा,
आणि एका उंदराचा मोडलेला संसार.
नवा बसवला.
वारा जोरात आला. जोरात आणि थंड.

पडद्यावर आकडा: हीटर चार किलोवॅट खातोय.
“खातोय ना? मग जातंय कुठं?”
चाळीस वर्षं कृष्णाकाठच्या जॅकवेलांवर
नुसता कान लावून मोटारी बऱ्या करणारा माणूस
डॅशबोर्डला कान लावून बसला.
चालू कर. बंद कर. परत चालू.
आत, कप्प्याच्या मागे कुठेतरी,
घागर बुडताना होते तशी
गुळगुळ.

“एअर धरलीय,” ते म्हणाले,
आणि कित्येक महिन्यांनी
त्यांचा आवाज त्यांच्या मापाचा वाटला.

शनिवारी ऊन होतं, म्हणजे नुसता उजेड.
गाडी चढावर लावली, नाक आभाळाकडे,
मागच्या चाकांना सरपणाचे ठोकळे,
पाठीमागे खाली पांढरंफटक सरोवर.
(हवा वर पळते, पोरी. तिला वर जायला वाट दे.)
ते दार उघडून, पाय बाहेर सोडून बसले.
“नारिंगी वायरला हात लावू नको.”
“माहितेय.”
“माहितेय तरी लावू नको.”

टाकीतलं सरबती पाणी खुणेच्या दोन बोटं खाली.
दोन नळ्या. एक चटका देते,
दुसरी बर्फात टाकलेल्या काठीसारखी.
“बघ, तापवणारा तापवतोय बिचारा.
पाणीच जागचं हलत नाही.”

नळी दाबायची, सोडायची, धार काढतात तशी.
माझ्या बोटांना काही कळेना.
मग त्यांनी बाही वर केली
आणि माझी बोटं आपल्या डाव्या हातावर ठेवली,
जिथे टाचलेल्या शिरेत रक्त
दिवसरात्र घरघरत असतं.
मी तिथे आजवर हात लावला नव्हता.
“अशी लागली पाहिजे,” म्हणाले.

दाबली. सोडली. दाबली.
एक बुडबुडा, मग तीन,
मग एक लांबलचक ढेकर,
आणि टाकीची पातळी खाली, खाली.
ओत. थांब. ओत.
थंड नळी आधी थंड राहिली नाही,
मग कोमट झाली,
मग तिच्यात ती घरघर.

काचेवरचं धुकं खालच्या कडेकडून विरत गेलं.
बाबांनी एक हातमोजा काढला,
जाळीसमोर पंजा धरला, उलटा केला,
भाकरी उलटावी तसा.
चौऱ्याण्णव मैलांचे एकाहत्तर झाले आकड्यात.
“जाऊ देत,” ते म्हणाले, “कुठं जायचंय एवढं.”

बुधवारी परतताना, पुलावरच्या वळणाला
पुन्हा एकदा, बारीक, गुळगुळ.
मी त्यांच्याकडे पाहिलं.
टोपी मांडीवर. डोळे मिटलेले.
“एक राहिलाय,” म्हणाले.
“शनिवारी काढू.”